दारातून हाक

आमचे व्याही भिकाजीराव मोरे यांनी आमच्या घराची बेल कधी वाजवली नाही. बेल दाराच्या उजव्या हाताला आहे, चांगली डोळ्यांत भरेल अशी, दाबली की कोकिळेसारखी ओरडणारी. तरी हे गृहस्थ जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबायचे आणि तिथूनच खणखणीत आवाजात सांगायचे, "मोरे आलोय. डोंबिवलीहून." पहिल्या वेळी मला वाटलं, कुरिअरवाला असेल. दार उघडलं तर इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला पट्टा, मिशा नीट कातरलेल्या, आणि दोन पायऱ्या खाली पदर सावरत उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शालनताई. आमच्या निखिलने ऑफिसातल्या वैशालीला पसंत केलं होतं आणि पुढची बोलणी करायला तिचे आईवडील आमच्याकडे ठाण्याला आले होते.

आत आल्यावर त्यांनी खोलीवरून अशी नजर फिरवली, की मला वाटलं पंख्यावरची धूळ बघताहेत. मऊ सोफा सोडून भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची त्यांनी निवडली, जिथून दार समोर दिसतं. आमचे हे सवयीने म्हणाले, "पाच मिनिटं बसा हं, चहा येतोच आहे." त्यासरशी मोरे उठून उभे राहिले.

"पाच मिनिटं म्हणू नका साहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, विनंतीच होती. "चहा झाला असला तर द्या. नसला झाला तर राहू द्या. पण पाच मिनिटं नका म्हणू."

हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी स्वयंपाकघराकडे पळाले. धड न उकळलेला चहा गाळून आणला. इतका पाणचट चहा मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता, तो नेमका व्याह्यांना दिला. त्यांनी एका दमात पिऊन "बढिया" म्हटलं.

पाच मिनिटांशी त्यांचं हे वैर पुढे वारंवार दिसलं. लग्नात भटजी म्हणाले, "मुहूर्ताला अजून पाच मिनिटं आहेत," आणि वधूपिता मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. शालनताईंनी भटजींच्या कानात काहीतरी सांगितलं. मग भटजी "अंमळ अवकाश आहे" असं म्हणायला लागले आणि लग्न पार पडलं. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "तुझे व्याही जरा तऱ्हेवाईकच दिसतात." मी म्हटलं, फौजेतला माणूस, वेळेचा पक्का असायचाच.

फौजेत ते हवालदार होते. कारगिलच्या लढाईत वर डोंगरावर होते एवढं आम्हाला माहीत होतं, कारण त्यांच्या घरी भिंतीवर बर्फातला एक फोटो होता. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "थंडी लई होती." बस, लढाई संपली! मूळ गाव महाडकडचं. निवृत्तीनंतर त्यांनी मानपाड्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाची नोकरी धरली, आणि तीही कायम रात्रपाळीची. बाकीचे लोक रात्रपाळी टळावी म्हणून खोटे ताप आणतात, हे मागून घ्यायचे. त्यामुळे कंपनीतली तरणी पोरं त्यांना देवाच्या जागी मानत. मी एकदा विचारलं, "अहो, या वयात जागरणं कशाला?" तर म्हणाले, "रात्र कुणीतरी जागायलाच पाहिजे ना ताई? मग ज्याला झोप नाही त्याने जागावी." सकाळी घरी येऊन, आंघोळ, न्याहारी करून ते आतल्या खोलीत जात आणि आतून कडी लावून झोपत.

त्यांची एक शिस्त मात्र मला मनापासून आवडायची. "सांगून यावं, सांगून जावं," असं ते म्हणायचे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी जाताना सांगून जायला लावलं होतं.

ही शिस्त लेकीबरोबर आमच्याकडे आली. वैशाली कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी म्हणायची, "मी येतेय." स्वयंपाकघरात मी एकटी भाजी चिरत असले तरी दारातून, "आई, मी येतेय." आमचे हे गमतीने म्हणायचे, "दरबारात वर्दी द्यायला वेगळा माणूस नको आपल्याला." पण एक गोष्ट मला लागायची. मी दुपारी डोळा लावून पडलेली असले की ही चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची आणि तिथून हाका मारायची. "आई. अहो आई." चहावर साय धरेपर्यंत हाका. एकदा मी म्हटलंच, "अगं, जवळ येऊन हलवून उठव की. मी काय चावणारे का तुला?" ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारातूनच. मला वाटलं, पोरगी गुणी आहे पण माया लावून घेत नाही. सुनेनं कधी हात लावून उठवलं नाही, असली तक्रार कुणाकडे करायची?

मग वैशालीला दिवस गेले आणि घरात आनंदीआनंद झाला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं साग्रसंगीत. शालनताई ओटीचं सामान आणि घरी केलेले नारळाचे लाडू घेऊन आल्या. जेवणं झाल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "मग लेकीला डोंबिवलीला कधी नेताय?" शालनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मोरे भिंतीजवळच्या त्यांच्या खुर्चीतून उठले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "बाळंतपण इथंच करा, ताई. जे लागेल ते आम्ही पोचवू. शालन येऊन राहील. पण पोरीला डोंबिवलीला नको."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची काळ्या दगडावरची रेघ. वडील स्वतःच्या तोंडाने नको म्हणतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. जाऊबाईंनी ओठ मुडपले, आणि त्यांनी मुडपलेले ओठ म्हणजे पुण्यापर्यंत बातमी. "लेकीला दोन महिने सांभाळायचं जड झालं वाटतं," हे त्या माझ्या कानात म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की चार जणींनी ऐकलं. मला तो अपमान फार लागला. वैशालीकडे बघितलं तर ती हिरव्या साडीत मान खाली घालून बसलेली, फुलांच्या माळांआडून डोळ्यांचं पाणी पुसत. तिला माहेरी जायचं होतं. आईच्या हातचं खायला, स्वतःच्या खिडकीशी बसायला. कुठल्या मुलीला नसतं?

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर लपवलेलं मला खपत नाही. त्याच आठवड्यात, कुणालाही न सांगता, दुपारची डोंबिवलीला गेले आणि रिक्षा करून त्यांच्या दारात उभी राहिले.

शालनताईंनी दार उघडलं. हातात अर्धी निवडलेली मेथी. "अगोबाई, ताई! फोन तरी करायचा."

"फोनवर बोलण्यातलं नाही," मी म्हटलं. "मोरेसाहेब आहेत का?"

"झोपलेत. बसा, उठवते." मग त्या आतल्या खोलीच्या दाराकडे गेल्या आणि चांगल्या तीन-चार हात अलीकडेच थांबल्या. दार वाजवलं नाही. तिथूनच, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाल्या, "अहो. मी शालन. दुपार झालीय. तुम्ही घरी हाय. ठाण्याच्या ताई आल्यात. घाबरायसारखं काय नाय." थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं तसंच म्हणाल्या. ती हाक त्या कित्येक वर्षं मारत असणार, पाठ झालेली होती. आणि आमच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहणारी वैशाली कुठून आली, ते मला त्या क्षणी दिसलं.

कडी निघाली. मोरे बाहेर आले ते शर्ट खोचूनच. मी घरून पाठ करून नेलेलं रागाचं भाषण निम्मंच आठवलं. "माझ्या सुनेनं माहेरी यायचं नाही असं तुम्ही का म्हणता, ते मला तोंडावर सांगा. आमचं काही चुकलं असेल तर तेही सांगा."

"तुमचं काही चुकलं नाही ताई," ते म्हणाले. मग शालनताईंकडे पाहून विचारलं, "सांगू का?"

"सांगा," त्या म्हणाल्या. "आता तरी कुणाला सांगा."

ते उभ्यानंच बोलले. "वैशू दुसरीत होती. मी सुट्टीवर आलेलो. दुपारचा झोपलेलो. तिला चित्रकलेचं बक्षीस मिळालेलं, ते दाखवायला शाळेतून पळत आली आणि माझं पाऊल धरून हलवलं. पुढचं मला आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की पोर भिंतीशी पडलीय, हात वाकडा झालाय, आणि ती रडत नाहीये. नुसती माझ्याकडे बघतेय."

शालनताई मेथी निवडत होत्या. पानं कुठे आणि देठ कुठे जातायत, त्यांना कळत नव्हतं.

"कारगिलला वर पोस्टवर आवाज करायचा नाही," मोरे पुढे म्हणाले. "पहारा बदलायचा तर पुढच्या माणसाचं पाऊल दाबायचं. तो उठतो. कृष्णा आणि मी जोडीला होतो. एका पहाटे त्यानं माझं पाऊल दाबलं. मी लई थकलेलो. म्हटलं, पाच मिनिटं. तो म्हणाला, झोप तू. आणि माझ्या पाळीला पहाऱ्यावर तोच परत जाऊन बसला." त्यांनी खोचलेला शर्ट पुन्हा खोचला. "गोळा तिथंच पडला, ताई."

खोलीत पंखा फिरत होता. मी शालनताईंच्या पुढ्यातली मेथी ओढून घेऊन निवडायला लागले.

"तेव्हापासून घरात रात्री झोपायचं नाही, दिवसा झोपायचं तर कडी लावून, असं ठरवलं. ह्या दोघी शहाण्या, दारातून हाक मारतात. पण तान्हं पोर थोडंच दारात उभं राहून हाक मारणार आहे? ते रांगत येणार आणि पाऊलच धरणार. कडी लावायची एक दिवस विसरलो तर?"

मी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"तेव्हाच. प्लास्टर घातलं ना हाताला."

"तिच्या हाताचं नाही हो. तुमचं."

"मला काय झालंय? हातपाय धड आहेत. धड नसलेले किती बघितलेत मी."

वैशालीला कृष्णाचं माहीत आहे का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, "पोरीला काय सांगायचं त्यातलं?"

पण माझ्या पोटात काही राहत नाही. त्या संध्याकाळी मी वैशालीला समोर बसवलं आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ आपल्या डाव्या मनगटावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, मला वाटायचं, मी झोपमोड केली म्हणून बाबा कायमचे रागावलेत माझ्यावर. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी कुशीत घेऊन झोपवलं नाही. मी किती शहाण्यासारखी वागायचे, दारातून हाक मारायचे, की कधीतरी राग जाईल म्हणून." आणि ती जी रडायला लागली, ती दुसरीत राहून गेलेलं सगळं रडली. मी तिला जवळ घेतलं. बाप लेकीला आपली भीती वाटते असं समजत होता, आणि लेक बापाला आपला राग आहे असं. एका घरात राहून इतकी वर्षं!

दुसऱ्या दिवशी ती निखिलला घेऊन डोंबिवलीला गेली. तिथे काय झालं ते निखिलने मला सांगितलं. दारातून ती म्हणाली, "बाबा, मी येतेय." आत जाऊन म्हणाली, "आणि बाळंतपणालापण येतेय. सिरियसली सांगतेय. तुम्ही डॉक्टरकडे चला."

"आणि नाही आलो तर?"

"तरी येणार. बाळ घेऊन तुमच्या कडीबाहेर बसेन."

मोरे म्हणे तिच्या पोटाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "कधी जायचंय ते सांग. तयार राहतो."

कल्याणला एक डॉक्टरबाई मिळाल्या, वैशालीहून थोड्या मोठ्या. शेजारीपाजारी विचारतील म्हणून शालनताईंनी त्यांना "झोपेच्या डॉक्टर" करून टाकलं. पहिल्या दिवशी मोरे केबिनबाहेर उभे राहून म्हणाले, "मोरे आलोय. डोंबिवलीहून." आतून उत्तर आलं, "या काका. दार उघडं राहू दे हवं तर." तेवढ्यावर बाईंनी त्यांना जिंकलं. मला फोन करून सांगितलं, "मॅडमनी दार उघडं ठेवलं, ताई." लगेच बरं वगैरे काही वाटलं नाही. उलट सुरुवातीला फारच बिघडलं. जेवण जाईना, चिडायला लागले. म्हणाले, "माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलंय मॅडमनी. आता घरात पाय ठेवायला जागा नाही." पण जात राहिले. गोळ्या वेळेवर घेत राहिले.

त्यातच एकदा ते कृष्णाच्या गावी जाऊन आले. त्याची आई अजून होती, कान गेलेले, डोळे शाबूत. तिला त्यांनी ओरडून ओरडून ते पाच मिनिटांचं सांगितलं. सगळ्या आळीनं ऐकलं असणार. म्हातारी म्हणाली, "त्याची खोडच होती ती. थोरल्याला निजू द्यायचा आणि आपण उठून म्हशीला वैरण घालायचा. तू नको म्हणाला असतास, तरी बसलाच असता तो." मग तिनं त्यांना जेवायला वाढलं. हे मला सांगताना मोरे पहिल्यांदा आमच्या सोफ्यावर बसले होते, दाराकडे पाठ करून. त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

सईचा जन्म डोंबिवलीतच झाला. ते दोन महिने मोरे दिवसाही कंपनीच्या केबिनमध्येच झोपत आणि जागे असले की घरी येत. नातीला मांडीवर घेऊन ताठ बसत, पापणी न लववता. शालनताई हसून म्हणायच्या, "ड्युटी लागलीय." हळूहळू रात्रपाळी सुटली. खोलीची कडी त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. चार दिवसांनी घाबरून परत बसवली. मग पुन्हा उतरवली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. आता ते दार नुसतं लोटून झोपायचे.

सई चालायला लागली त्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी आम्ही सगळे डोंबिवलीला जेवायला गेलो होतो. शालनताईंनी कोंबडी-वडे केले होते आणि माझ्यासाठी वालाचं बिरडं. जेवणं झाली. मोरे आत जाऊन आडवे झाले. आम्ही बायका स्वयंपाकघरात भांडी पुसत गप्पा मारत होतो. कुणाच्या तरी लक्षात आलं की सई दिसत नाही.

लोटलेलं दार उघडं होतं. सई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिची उंची तेवढीच. तिथून तिला आजोबांचं जे दिसत होतं ते तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. पाऊल. आणि ते सगळं अंग लावून हलवत होती. "आबा! ऊठ!"

वैशाली धावली आणि दारात येऊन खिळली. तोंडून सवयीनं निघालं, "बाबा, मी..." शालनताईंच्या हातातलं ताट माझ्या हातात कसं आलं, मला माहीत नाही. मोऱ्यांचे डोळे खाडकन उघडले. सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. मुठी वळल्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग छताकडे, मग खाली पायाकडे. सईनं पाऊल सोडलं नव्हतं.

ते बघत राहिले. मग मूठ उघडली. छाती खाली गेली. एक मोठा श्वास बाहेर पडला, इतका मोठा की स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू आला. त्यांनी कूस बदलली, हात लांब करून सईच्या डोक्यावर ठेवला आणि झोपाळू, चिडक्या, अगदी साध्या आजोबाच्या आवाजात म्हणाले,

"पाच मिनिटं गं बाय. पाच मिनिटं झोपू दे आबाला."

शालनताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि तोंडात पदर धरून रडल्या. वैशाली आत गेली, आपण येतोय हे न सांगता. सईला उचलून तिनं पलंगावर त्यांच्या कुशीशी ठेवलं आणि स्वतः काठावर, त्यांच्या पायाशी बसली. ते पाच मिनिटांनी उठले नाहीत. चांगली संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी घोरत होते. मी चहा केला, चांगला उकळून, आणि आम्ही सगळ्यांनी तो प्यायला. त्यांचा कप झाकून ठेवला. हाक कुणी मारली नाही.